घोडी उभी होती

सारंगखेडा
६ ऑक्टोबर २०२५

नवल,

मी शीला पाटील, बन्सीलाल पाटलांची बहीण. अक्षरावरून ओळखलंच असशील. तुझी सही मीच घोटून घेतली होती. मागच्या आठवड्यात फोन केला, तर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

काम असं आहे. बन्सीदादाचा भाग्येश एकोणीस वर्षांचा झाला. गेल्या महिन्यात त्याने मोबाईलवर अक्कलकुव्याच्या कुठल्या लग्नाची वरात पाहिली. बँड, नवरदेव, नाचणारी पांढरी घोडी. घोडी धरणाऱ्याचं तोंड फेट्याच्या शेवाने झाकलेलं होतं. भाग्येश म्हणाला, "फुई, हा नवल शे. डाव्या अंगाला उभा राहून दोन बोटं जबड्याखाली ठेवतो बघ." मी म्हटलं, तू तेव्हा सात वर्षांचा, तुला काय आठवणार. त्याने बँडवाल्याचा नंबर शोधला, त्याच्याकडून तुझा घेतला. आता त्याच्या बोटांत मोबाईलपुरतंच बळ आहे, पण तेवढ्यावर तो जिल्हाभर हिंडून येतो.

तब्येतीचं लिहिते. अकराव्या वर्षी चालणं थांबलं. तेव्हापासून चाकाची खुर्ची. पाठ एका बाजूला कलली आहे. हात तोंडापर्यंत जात नाही, घास आम्ही भरवतो. झोपताना नाकावर मास्क लावतो आणि यंत्र त्याला श्वास देतं. वीज जाते म्हणून दोन बॅटऱ्या ठेवल्या आहेत. बारावी पहिल्या वर्गात झाला, बाहेरून बी.ए. करतो आहे. शाळेत दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा. मी मुख्याध्यापिका होते. वर्ग खाली आणला आणि शिक्षकांची खोली वर नेली. वर्षभर कुरकुर ऐकली.

घोड्यांचं वेड तसंच आहे. शिरपूर, दोंडाईच्याकडचे लोक विकत घ्यायच्या घोड्याचा व्हिडिओ त्याला पाठवतात. हा इथून सांगतो, घ्या किंवा नका घेऊ.

यंदा दत्तजयंती ४ डिसेंबरला आहे. त्याला यात्रेत जायचं आहे, घोडेबाजारात. बारा वर्षं आम्ही नेलं नाही. आता तो म्हणतो, नवल आला तर जाईन, दुसऱ्या कोणाबरोबर नाही. मागच्या हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि तेवीस दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टर पुढच्या वर्षाबद्दल बोलत नाहीत. आम्हीही विचारत नाही.

जे झालं तो एक अपघात होता. त्याला आता बारा वर्षं झाली. माणसाने किती दिवस मनात धरायचं ते तूच ठरव. येण्याजाण्याची गाडी आम्ही पाठवू.

शीला पाटील

*

२८ ऑक्टोबर २०२५

नवल,

जमुनाच्या हातचं कार्ड मिळालं. तुला एवढी मोठी मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. अक्षर चांगलं आहे. बारावीला आहे म्हणते, विज्ञान घेतलं ते बरं केलं.

कार्डात चारच ओळी आहेत. "वडिलांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. भाग्येशला रामराम सांगा म्हणाले. बाईंना विचार म्हणाले, अपघात कोणता? घोडी काय करत होती ते लिहा, मग बघू."

विचारलंस म्हणून लिहिते. यात्रेचा दुसरा दिवस होता. गर्दी फार होती. कोणाचा तरी ढोल वाजत होता. आपली हरणी दावणीजवळ होती, भाग्येश तिच्यावर बसला होता आणि तू जवळ होतास. माझं लक्ष दुसरीकडे होतं. ओरडा ऐकू आला तेव्हा तो खाली पडलेला होता. घोडी बुजली असावी. मला नीट दिसलं नाही.

बन्सीदादाने तुला लगामाने मारलं ते चुकलं. सगळ्यांसमोर मारायला नको होतं. पण बापाचं मन असतं. आई नसलेलं पोर, वहिनी जाऊन चार वर्षं झालेली. तूही समजून घे.

दिवाळीचा फराळ एस.टी.च्या पार्सलने पाठवला आहे. डबा परत पाठवायची गरज नाही.

शीला पाटील

*

११ नोव्हेंबर २०२५

नवल,

फराळाचा डबा न उघडता परत आला. बरोबर केलंस.

जमुना, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. एकही ओळ गाळू नकोस. तुझ्या वडिलांना वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस आणि मी म्हातारी म्हणूनही नको.

मागचं पत्र खोटं होतं. मला नीट दिसलं होतं. सगळ्यांत जवळ मीच होते.

आता क्रमाने सांगते, कारण मला तसंच सांगता येतं.

भाग्येश पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट आणि जाड होत्या. घरी आलेल्या प्रत्येकाला दादा त्या दाखवायचा. "पहिलवान व्हई मन्हा पोऱ्या," म्हणायचा. रोज पावशेर जास्त दूध. पळताना मात्र तो पडायचा. टाचा टेकायच्या नाहीत. जिना चढताना कठडा सोडायचा नाही. मी याला आळस म्हटलं. शाळेत एवढी मुलं सुतासारखी सरळ केली, घरातलं एक होत नाही याचा मला राग यायचा. मी त्याला बैठका काढायला लावल्या. सकाळी वीस. अकराव्या बैठकीला तो खालीच बसून राहायचा, आणि मी छडी आपटून म्हणायचे, उठ. तो उठायचा. आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उठायचा. मी मोजत राहायचे.

हे तू एकदा गोठ्याच्या दारातून पाहिलंस. तुमच्या धंद्यातली रीत तू मला सांगितलीस, घोडं विकत घेताना आधी बसलेलं पाहायचं, मग उठताना पाहायचं, पळताना सगळ्यांत शेवटी. मग म्हणालास, "बाई, पोऱ्या देखा कसा उठस. मांडीवर हात ठेईसन. जनावर असं उठनं ते आम्ही लेतस नही. त्याले डाक्टरकडे ली जा."

मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. "माणसाचं लेकरू आहे ते, शिंगरू नव्हे. तू तुझं शेण काढ."

मी बी.एस्सी. झालेली. तू चौथी. ज्याला दिसत होतं त्याला मी शेण काढायला पाठवलं.

आता यात्रेचा दिवस. भाग्येशने घोडीवर बसायचा हट्ट धरला होता. तू नको म्हणालास. "बाई, त्याना पायमा पकड नही. मी कडेवर लिसन फिरावस." मी म्हटलं, फार लाड झाले, अशानेच तो ढिला पडलाय. तू घोडीसमोरून हलला नाहीस. मग मी स्वतः त्याला उचललं आणि तिच्या पाठीवर बसवलं. मग मागे झाले आणि म्हटलं, आता हात सोड, नीट बस.

ढोल दुसऱ्या टोकाला वाजत होता. हरणी उभी होती. कानसुद्धा हलवत नव्हती. तो तिच्या पाठीवरून पोत्यासारखा एका बाजूला घसरला आणि पडला. तू लगाम सोडून झेप घेतलीस, म्हणून डोकं वाचलं, नुसता हात मोडला.

दादा धावत आला, विचारलं, काय झालं. मी म्हटलं, घोडी उधळली, नवलचं लक्ष नव्हतं.

विचार करून बोलले नाही. पण नंतर विचार करायला बारा वर्षं होती.

हे मी आज का लिहिते तेही सांगते. मागचं पत्र टाकण्याआधी भाग्येशला वाचून दाखवलं होतं, कारण तो रोज विचारतो, नवलला काय लिहिलंस. परवा डबा परत आला तेव्हा म्हणाला, "फुई, घोडी उभी होती. तिच्या मानेवर एक हिरवी माशी बसली होती, मी तीच पाहत होतो. घोडी उधळली असती तर माशी उडाली नसती का?"

मी म्हटलं, तुला आठवतं तर कधी बोलला का नाहीस?

"बोललो होतो. दवाखान्यात पपांनी विचारलं तेव्हा सांगितलं. तू म्हणालीस, घाबरलाय, काहीही बडबडतो."

मला हे आठवत नव्हतं. आता आठवतं.

शीला

*

२६ नोव्हेंबर २०२५

नवल,

जमुनाचा फोन आला. तू शेजारीच बसला होतास, तुझा खोकला ऐकू येत होता. ती म्हणाली, "बाई, वडील म्हणतात, पत्रातलं पत्रातच राहतं. लगाम बाजारात मारला होता."

कळलं. यात्रेत काय करायचं ते मी ठरवलं आहे. पण आधी घरातलं एक काम होतं. तेही तुला सांगते, म्हणजे तुझ्या नावावर आम्ही काय काय खपवलं ते तुला कळेल.

हाताचं प्लास्टर काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी भाग्येशला जमिनीवरून उठायला सांगितलं. तू पाहिलं होतंस तेच त्यांनी पाहिलं. रक्त मुंबईला पाठवलं. महिन्याने उत्तर आलं. जन्माचाच आजार, स्नायू झिजत जातात, औषधाने वेग कमी होतो, थांबत नाही. पडण्याचा काही संबंध नाही. बैठकांनी मात्र नुकसान होतं. हे शेवटचं डॉक्टर सहज म्हणाले, त्यांना माझ्या छडीचं माहीत नव्हतं.

आणखी एक सांगितलं. हा आजार आईकडून येतो. मोठ्या बहिणीची तपासणी करून घ्या. तिला स्वतःला काही होणार नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो.

रंजिता तेव्हा एकवीस वर्षांची. बारडोलीच्या स्थळाशी बोलणं चाललेलं. परतीच्या गाडीत आम्ही नंदुरबारपर्यंत आलो. मग दादा म्हणाला, "शीला, लोकेसले काय सांगवानं?" मी म्हटलं, सांगायचं काय, घोड्यावरून पडला हे सगळ्या गावाला माहीतच आहे. पोर घोड्यावरून पडलं म्हणून कोणी सोयरीक मोडत नाही. घरात रोग आहे म्हटलं की मोडतात. तुला परत बोलावलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. म्हणून तुला बोलावलं नाही. तू गुजरातेत ऊसतोडीला गेलास हे आम्हाला कळलं होतं. यात्रेत घोडं हाताळायला तुला कोणी ठेवत नाही हेही कळलं होतं.

रंजिताचं लग्न झालं. एक मुलगी आहे, सहा वर्षांची. आता दुसऱ्याचा विचार चालला आहे. रविवारी मी तिला फोन करून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "फुई, शाळेत कोणी खोटं बोललं की तू काय करायचीस?"

"वर्गाबाहेर उभं करायचे."

"किती वेळ?"

"खरं सांगेपर्यंत."

"मग आता आत ये," म्हणाली, आणि रडायला लागली. नंतर पुष्कळ बोलली. ते इथे लिहीत नाही. मला ऐकायला हवं होतं ते सगळं बोलली. सुरतेला तपासणीला रक्त देऊन आली आहे. जावईबापू बरोबर गेले होते. बारा वर्षं मी ज्या माणसांना घाबरले त्यांतला एक गाडी चालवत घेऊन गेला.

दादाला अजून सांगितलेलं नाही. त्याला बाजारातच कळेल. तोही तिथेच होता.

५ तारखेला सकाळी दहा वाजता आम्ही घोडेबाजारात असू. तू आलास किंवा नाही आलास, मी बोलणार आहे. आलास तर भाग्येशला बरं वाटेल.

शीला

*

९ डिसेंबर २०२५

नवल,

निघताना तू म्हणालास, "आते कागद नका लिखू बाई, फोन करा." हे एवढं एक लिहिते. तू सगळा वेळ वरातीतल्या त्या पांढऱ्या घोडीचं तोंड धरून आमच्याकडे पाठ करून उभा होतास. तुझ्या पाठीमागे काय घडलं ते तुला कळायला हवं.

मी वर्गात बोलते तशी बोलले. आवाज अजून पोचतो हे पाहिलंस. घोडी उधळली नव्हती, उभी होती, पोराला मी बसवलं, नवल नको म्हणत होता, मी खोटं बोलले. चारच वाक्यं होती. घरी पाठ करून आले होते, तरी तिसऱ्याला अडखळले.

दोंडाईच्याचे म्हातारे इंद्रसिंग पुढेच बसले होते, तेव्हाही तिथेच होते. ते म्हणाले, "बाई, हरणी कशी व्हती आम्हाले माहीत व्हतं. ती कधी उधळनीच नही." मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाले, "तुम्ही मास्तरीण. आमनं कोन ऐकस?" नंतर तू घोडी फिरवायला नेलीस तेव्हा ते पुटपुटले, "तरी आम्ही त्याले काम दिनं नही. ते आमनं पाप." हे तुला सांगायला त्यांनी सांगितलेलं नाही. मी सांगते.

दादाचा चेहरा मी पाहिला नाही, हिंमत झाली नाही. तो तापीच्या बाजूला चालत गेला, एवढं दिसलं. तुला वाटलं असेल तो रागाने गेला. संध्याकाळी घरी आला, सरळ भाग्येशच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला. "तू माले सांगेल व्हतं का रे? दवाखानामा?"

"हो, पपा."

"अन् मी काय म्हनेल व्हतं?"

"तुम्ही म्हणालात, फुई सांगते ते खरं."

तीन दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी येऊन म्हणाला, "नवलना नंबर दे." मी दिला नाही. म्हटलं, कागद घे आणि लिही. ओट्यावर बसला आहे. तासाभरात दोन कागद फाडले. आलं पत्र तर वाच. नाही वाचलंस तरी मी काही म्हणणार नाही.

आता भाग्येशचं. तू घोडी त्याच्यासमोरून चालवलीस, मग दुडकी घेतलीस, आणि तो म्हणाला, "मागचा डावा उशिरा उचलते, नाल बघ." तू खूर उचलून पाहिलास आणि हसलास. "मास्तर शे रे तू." तेव्हापासून तो घरात कोणाचं ऐकत नाही. काल मी औषध घे म्हटलं तर म्हणाला, मास्तरांना हुकूम करायचा नसतो. तू घोडीची मान खाली आणून तिचं नाक त्याच्या तळहातावर ठेवलंस, तो हात त्याने दुपारपर्यंत धुऊ दिला नाही. परतल्यावर थोडा ताप आला होता, उतरला. तू काळजी करशील म्हणून लिहिते, नेल्याचा मला पश्चात्ताप नाही.

काल त्याने बैठकांचा विषय काढला. हे मी बाजारात बोलले नव्हते. मी म्हटलं, त्या बैठकांनी तुझं नुकसान झालं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो म्हणाला, "माहीत आहे. मी नेटवर वाचलं, तेरा वर्षांचा होतो तेव्हा." मग म्हणाला, "पण फुई, तू अकरानंतर पुढे मोजायचीस ना, बारा, तेरा. मी उठत नसलो तरी. मला वाटायचं, हिला वाटतं मी उठेन." मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्याला माफी म्हणायचं की काय म्हणायचं, ते मला ठरवता आलेलं नाही.

रंजिताच्या तपासणीचं उत्तर यायचं आहे. जे येईल ते तिला आधी कळेल, आम्हाला नंतर. तसं ठरलं आहे.

शेवटी भाग्येशचा निरोप. तो सांगतो आहे, मी लिहिते आहे, शब्द त्याचे.

"नवल, घोडी वैशाखात व्यायेल म्हणालास. रात्र असली तरी व्हिडिओ कर. शिंगरू जन्मतं तिथपासून करायचं. ते पहिल्यांदा उठेल तेव्हा कोणी हात लावायचा नाही, घोडीलाच करू दे काय ते. दोनचारदा पडेल, पडू दे. आधी पुढचे पाय टाकतं की मागचे, ते मला नीट बघायचंय. मोबाईल आडवा धर. जमुनाला धरू दे, तुझा हात हलतो."

मोबाईल आडवा धरायचं त्याने तीनदा सांगितलं. मी एकदाच लिहिते.

दोन्ही बॅटऱ्या मी भरून ठेवीन.

शीला